पहाटेचा एक तास

१९९६ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. एक म्हातारे शेतकरी बँकेत माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, कडपा पाण्यात गेल्या. हप्ता कुठून भरू?"

मी अमरावतीचा, कापसाच्या मुलखातला. नुकताच बदली होऊन लाखनीला आलो होतो. कडपा म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं आणि साहेब म्हणवून घेत असल्यामुळे विचारायची लाज वाटली. नियम सांगितला आणि त्यांना वाटेला लावलं. ते काही बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि गेले.

ती नजर काही केल्या जाईना. ज्यांच्या कर्जाची कागदपत्रं आपण तपासतो, त्यांची भाषाच आपल्याला येत नाही! आमच्याकडे डोळ्याचा 'डोया' होतो, इथे झाडीबोलीत 'डोरा'. पण शब्दच वेगळे निघाले की गंमत संपते. पऱ्हे, बांधी, धुरा, तुडूम... मी एक दोनशे पानी वही आणली आणि हे शब्द टिपायचं ठरवलं.

ठरवणं सोपं असतं. रात्री जेवणानंतर वही उघडायची, असा बेत होता. आठ दिवसांत वहीची उशी झाली. रविवारी एकदम चार तास बसू म्हटलं, तर रविवारी पाहुणे. शेवटी पहाटे पाच ते सहा हा तास धरला. महामार्गावरचे ट्रक सोडले तर तेव्हा लाखनीत कुणाला माझं काही काम नसायचं. जागा तीच, वही तीच, विषय एकच. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दोन तास बसून भरपाई करायची नाही, हेही ठरवलं. भरपाईच्या ओझ्यानंच असे बेत मोडतात, हा माझा अनुभव.

असल्या उद्योगाला घरात 'रिकामपणाचं खूळ' म्हणतात. तेव्हा मला देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांचा आधार वाटायचा. १९३० ते १९६२ शाळेत शिकवण्याची नोकरी आणि उरल्या वेळात आकड्यांचा नाद. गणितातली पदव्युत्तर पदवीही नव्हती. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. मुलांना घेऊन आज करून पाहा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावले की ५४३२, चढत्या क्रमानं २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. आणखी एकदा : ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच यावं लागतं. अनेकांनी या नादाची टिंगल केली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा मास्तरांचं नाव जगभर गेलं. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

दुसरं उदाहरण तर आमच्याच भागातलं. मारुती चितमपल्ली वनखात्याचे अधिकारी. नवेगावबांध, नागझिरा या जंगलांत नोकरी करता करता ते आदिवासी आणि धीवर यांच्याकडून पाखरांची, झाडांची नावं टिपत राहिले. संस्कृत, जर्मन, रशियन शिकले. त्या टिपणांतून 'पक्षिकोश' उभा राहिला. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आणि २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी ते गेले. जंगलात त्यांनी अधिकारी असूनही माहीतगार माणसापुढे शिष्य होऊन बसणं पत्करलं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. कारण नेमकं तेच मला जमलं नव्हतं.

हे कळायला पाच वर्षं लागली. एका पहाटे सौ. चहाचा कप ठेवताना वहीत डोकावली आणि हसली. "कडपा म्हणजे धानाची रास? कुणी सांगितलं?"

"ऑफिसातल्या शिपायानं."

"अहो, कापलेलं धान बांधीत वाळायला पसरून ठेवतात, त्या कडपा. वाळल्यावर बांधून रचलं की पुंजणे. पुंजण्याला पाऊस थोडाफार सोसतो. कडपा भिजल्या की धानाला कोंब फुटतात. सगळं गेलंच."

तेव्हा त्या म्हाताऱ्यांचं वाक्य मला कळलं. पाच वर्षांनी!

सौ. साकोलीकडची, धानाच्या घरची. अर्धी वही तिच्या तोंडात होती आणि मी गावभर शब्द विचारत हिंडत होतो. त्याहून लागलं ते तिचं पुढचं बोलणं. "तुमच्या पाचच्या चहासाठी मी साडेचारला उठते. मला मिळाला का कधी एखादा तास?"

माझा तास मी स्वतः काढलेला नव्हताच. तो तिच्या झोपेतून आला होता.

विचारलं, तास मिळाला तर काय करशील? उत्तर तयार होतं. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. तिला बी.ए. व्हायचं होतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला. संध्याकाळी सात ते आठ हा तिचा तास ठरला. त्या वेळात भात मी लावायचा, दार मी उघडायचं, मुलांची भांडणं मी सोडवायची. सुरुवातीला भात रोज करपायचा. शेजारणी विचारायच्या, "वहिनींची तब्येत बरी नाही का?" पहाटेचा चहाही माझा मीच करू लागलो.

२००५ मध्ये ती बी.ए. झाली. माझ्या वह्या आज सात आहेत. त्यांचा ग्रंथ झाला नाही, होईल असंही वाटत नाही. पण पुढे निवृत्त होईपर्यंत समोरच्या माणसाचा शब्द कळला नाही, तर "दादा, म्हणजे काय?" असं विचारायला मी लाजलो नाही. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांची मात्र पुन्हा गाठ पडली नाही.

आता मुलं बाहेरगावी आहेत. तरी सात वाजले की सौ. चष्मा घेऊन खिडकीशी बसते आणि मी कुकर लावतो. पहिल्या वहीतली कडपाची नोंद तिनं स्वतःच्या अक्षरात दुरुस्त करून ठेवली आहे.