कावेरीकाठचे पानमळे आणि त्यांची माती

तंजावर जिल्ह्यात पापनाशम ते कुंभकोणम या टापूत, कावेरी व तिच्या शाखांच्या काठी, नागवेलीचे मळे आहेत. तमिळ भाषेत अशा मळ्यास ‘कोडिक्काल’ म्हणतात. भोसल्यांचे राज्य या प्रदेशावर १७९९ पर्यंत होते. तेव्हा कुंभकोणमचे पान मराठी तबकास नवखे नसावे. या पानास २०२५ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

हे पान नदीकाठीच का पिकते, याचे उत्तर मातीत आहे. कावेरी सह्याद्रीत उगम पावते आणि वाटेतील माती घेऊन येते. सपाटीवर आल्यावर तिचा वेग मंदावतो. पूर काठाबाहेर पसरला, की रेतीचे जड कण काठाशीच बसतात व सूक्ष्म चिकणमाती दूरवर जाते. अशा रीतीने काठालगत किंचित उंच व भुसभुशीत जमीन तयार होते, तर पलीकडे पाणी धरून ठेवणारी भाताची खाचरे.

नागवेलीस मुळाशी सदैव ओल हवी. साचलेले पाणी मात्र तिचा घात करते. फायटॉप्थोरा नावाच्या सूक्ष्म जीवाचे बीजकण पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोचतात आणि वेलीचा बुंधा कुजतो. द्राक्षवेलीस डोंगरउतारावर जो निचरा आपोआप लाभतो, तो येथे कुदळीने मिळवावा लागतो: उंच वाफे आणि त्यांच्यामध्ये खोल चर. वेल चढते ती हादग्यावर. हे झाड विरळ सावली देते, आणि त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नायट्रोजन मातीत स्थिर करतात.

वेलीची लावण बियांनी होत नाही, कांड्यांनी होते. म्हणून नवा मळा हा एका अर्थी जुन्याच वेलीचा विस्तार असतो, आणि घराण्याकडून घराण्याकडे जमिनीबरोबर बेणेही येते.

मातीचा वारसा मात्र तसा अखंड राहिलेला नाही. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पुरे झाले. भातशेतीस त्याने पाण्याची शाश्वती दिली. परंतु वरून येणारा गाळ आता बव्हंशी जलाशयांच्या तळाशी बसतो, आणि पूर्वीच्या पुरांप्रमाणे तो काठच्या जमिनीवर पसरत नाही. जे काम नदी करीत असे, ते आता शेणखताने व हिरवळीच्या खताने करावे लागते. वाढलेली वेल खाली उतरवून पुरताना चरांतील माती उपसून पुन्हा वाफ्यावर चढवितात. पावसाने चरात ओघळलेली सुपीक माती अशा रीतीने मळ्यातच राहते.