स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे निवासगृह कसे पारखावे

लखनऊहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, अमौसी विमानतळाच्या परिसरात, सरोजिनी नगर हा भाग लागतो. नोकरीनिमित्त लखनऊस स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आपल्या वृद्ध आईसाठी निवासगृह पाहावयास येथे आले आहे, अशी आपण कल्पना करू. आईंची स्मृती गेली चार वर्षे ओसरत चालली आहे. जेवण होऊन हात धुतले, की थोड्या वेळाने त्या 'पाने कधी घ्यायची?' म्हणून विचारतात. दिवेलागणीस 'आता मी घरी जाते' असे म्हणून दाराकडे निघतात. व्यवस्थापक मंडळींना इमारत दाखवितात. फरशी लखलखीत आहे, पलंग नवे आहेत, भिंतीवर प्रमाणपत्रे टांगलेली आहेत. मुलाचे समाधान होते. परंतु एवढे सारे पाहूनही आईंचा दिवस तेथे कसा जाईल, हे त्याला मुळीच कळलेले नसते.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. खानावळ चांगली की वाईट, हे तेथे जेवणारे सांगतात. शाळेविषयी विद्यार्थी घरी येऊन बोलतात. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीस ही सोय राहत नाही. सकाळी कोणी खेकसले, तर दुपारी मुलगा भेटावयास येईपर्यंत ती गोष्ट ती विसरलेली असते. आठवलीच, तर सांगावयास शब्द सापडत नाहीत. आणि शब्द सापडले, तरी 'यांना भ्रम होतो' म्हणून ऐकणारे ते मनावर घेत नाहीत.

स्मृतिभ्रंशाच्या अनेक कारणांपैकी सर्वांत अधिक आढळणारा विकार म्हणजे आल्झायमरचा विकार. आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. या विकारात मेंदूतील पेशींभोवती व पेशींच्या आत विकृत प्रथिने साचतात आणि पेशी हळूहळू नष्ट होतात. नव्या आठवणी साठविण्याचे कार्य मेंदूच्या ज्या भागाकडे असते, त्याला बहुधा आरंभीच इजा पोहोचते. म्हणून कालचा दिवस पुसला जातो आणि माहेरचे अंगण मात्र डोळ्यांपुढे उभे राहते.

मग प्रश्न असा, की रुग्ण जे विसरतोच, त्याने त्याचे काय बिघडते? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक प्रयोग अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात झाला व २०१४ साली प्रसिद्ध झाला. आल्झायमरच्या रुग्णांना आधी दुःखद व पुढे आनंददायक चित्रपटांतील दृश्ये दाखविली. थोड्याच वेळात ती दृश्ये त्यांच्या स्मरणातून बहुतांशी गेली. परंतु दृश्यांनी उत्पन्न केलेला विषाद वा आनंद त्यानंतरही टिकून राहिला. प्रसंग विसरला जातो, पण त्याचा चटका उरतो. कारण ठाऊक नसलेले दुःख, हे कारण ठाऊक असलेल्या दुःखाहून हलके असते असे कोण म्हणेल?

ही चिंता थोड्या घरांपुरती आहे, असेही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख इतके आहे. लखनऊच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातील वार्धक्यकालीन मानसिक आरोग्य विभागाच्या अभ्यासकांनी वृद्धाश्रमांतील ४५ रहिवाशांची तपासणी करून २०१२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे ६४ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. सुमारे ११ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश होता. पाहणी लहान आहे, हे खरे. परंतु दारावर 'वृद्धाश्रम' अशी पाटी असलेल्या जागेतही स्मृतिभ्रंशाचे रुग्ण राहत असतात, हे तिच्यावरून दिसते. आणि तेथील सेवकांना त्याची जाणीव आहे की नाही, हा पारखणाऱ्याचा पहिला प्रश्न असावयास हवा.

कायद्याचा आधार कितपत मिळतो? आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची कल्पना आहे. तेथील सेवा कोणत्या दर्जाची असावी, हे ठरविणे राज्यांकडे सोपविले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीच्या गंभीर बिघाडाचाही समावेश केला असून, अशा आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या आस्थापनांना नोंदणी आवश्यक केली आहे. रुग्णास एकांतकोठडीत ठेवण्यास त्यात मनाई आहे. त्याला बांधून ठेवणे हेही, तत्काळ उद्भवणारी इजा टाळण्याचा दुसरा उपायच नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने व तेवढ्यापुरतेच करता येते. तेव्हा 'येथे रुग्णांना कधी बांधावे लागते काय, आणि त्याची नोंद कोणत्या वहीत होते?' असे विचारण्यात संकोच बाळगू नये. 'कधीच नाही' या तत्पर उत्तरापेक्षा उघडून दाखविलेली वही अधिक विश्वासार्ह होय.

अमेरिकेतील वैद्य आवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेची प्रत तीन अंगांनी पाहावी असे सुचविले: साधने कोणती आहेत, प्रत्यक्ष कार्य कसे चालते आणि निष्पन्न काय होते. आपल्या कुटुंबाने पाहिलेली फरशी व पलंग ही केवळ साधने होत. निष्पत्तीची काही चिन्हे कागदावर पाहावयास मिळतात: रहिवाशांचे वजन दरमहा घेतले जाते काय, गेल्या वर्षात कितीजण पडले, किती जणांना शय्याव्रण झाले. मधले अंग मात्र स्वतः बसून पाहावे लागते.

कसे बसावे व काय पाहावे, याची एक शिस्तबद्ध रीत इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसविली. निरीक्षक दिवाणखान्यासारख्या सामाईक जागेत काही तास शांतपणे बसतो. खाजगी खोल्यांत जात नाही. दर ५ मिनिटांनी तो काही निवडक रहिवाशांविषयी नोंद करतो: ही व्यक्ती या क्षणी काय करीत आहे आणि तिची मनःस्थिती कशी दिसते. सेवकांच्या वागण्याचीही नोंद होते. किटवुड यांचे म्हणणे असे, की रुग्णाच्या ऱ्हासास केवळ मेंदूतील विकारच नव्हे, तर भोवतालच्या माणसांचे वर्तनही हातभार लावते. आणि हे वर्तन बहुधा दुष्टपणाचे नसते. सेवक प्रेमळ असतो, पण घाईत असतो. तो आजींच्या डोक्यावरून दुसऱ्या सेवकाशी बोलतो. त्यांना घास गिळण्यास लागणाऱ्या वेळात तीन घास भरवितो. 'बाळ, शहाण्यासारखे वागावे' असे म्हणतो. आपल्याकडे या शेवटच्या प्रकाराला माया समजतात, म्हणून तो ओळखणे अधिक कठीण जाते.

सामान्य माणसास या रीतीचे शिक्षण नसते. पण एक कोपरा धरून दोन तास बसणे त्यालाही शक्य आहे. कोणी हाक मारली, तर किती वेळाने कोणी येते? आलेली व्यक्ती उभ्यानेच बोलते की समोर बसून, डोळ्यांत पाहून? ज्या आजी अजून हाताने जेवू शकतात, त्यांना सांडलवंड होईल म्हणून भरविले तर जात नाही ना? ज्याचा हात अजून चालतो, त्याला शेंगा सोलू द्याव्या, रुमालाच्या घड्या घालू द्याव्या. दूरदर्शन संच मोठ्याने चालू आणि त्याच्यासमोर दहा जण माना टाकून बसलेले, हे दृश्य शांततेचे वाटते खरे. पण त्याची शहानिशा केलीच पाहिजे.

ही शांतता औषधाचीही असू शकते. बेचैन वा आक्रमक रुग्णांस मनोविकारावरील तीव्र औषधे देण्याची प्रथा अनेक देशांत पडली होती. या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण संस्थेने २००५ साली दिला. ब्रिटनमध्ये २००९ च्या सरकारी अहवालात प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी असा अंदाज मांडला, की त्या देशातील सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना ही औषधे दिली जात होती आणि त्यांमुळे वर्षाला सुमारे १८०० मृत्यू अधिक होत होते. काही रुग्णांना अशा औषधाची खरोखरच गरज भासते. म्हणून प्रश्न 'देता काय?' एवढाच नसावा. देण्यापूर्वी काय तपासले, आणि ते थांबवून पाहण्याची तारीख कोणती, हेही विचारावे. ओरडण्यामागे दाढदुखी, बद्धकोष्ठ किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असू शकतो, हे ज्या परिचारिकेच्या तोंडून आपणहून निघते, ती परिचारिका पुष्कळ काही जाणते.

लखनऊच्या हवेचाही विचार केला पाहिजे. मे-जूनमध्ये येथे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि लू वाहते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास तहान ओळखून पाणी मागण्याचे भान अनेकदा राहत नाही. पाण्याचा माठ भरलेला असणे म्हणजे पाणी पाजणे नव्हे. कोणी, किती वेळा, कोणाच्या हातात पेला दिला, ही नोंद पाहावी. जानेवारीच्या धुक्यातील रात्री पांघरूण सरकले, तर ते कोण नीट करते?

आणि भाषा. पुढे शिकलेली भाषा आधी मागे पडते व मातृभाषा अधिक काळ साथ देते, असे पुष्कळ रुग्णांत दिसून येते. लखनऊमध्ये चाळीस वर्षे अस्खलित हिंदी बोललेल्या आई एके दिवशी केवळ मराठीतच पाणी मागू लागतील. सर्व सेवकांना मराठी यावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण 'तहान', 'दुखतंय', 'मोरीत जायचंय' असे वीसएक शब्द लिहून पलंगाजवळ लावावयास निवासगृह तयार आहे काय? आई कोण होत्या, कोणते गाणे गुणगुणत, चहा बशीतून पीत की कपातून, हे कोणी लिहून घेतले काय? एवढ्यासाठी मोठी पदवी लागत नाही. गोव्यात स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन रुग्णांच्या घरी पाठविण्याचा एक प्रयोग झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांचा मानसिक ताण कमी झाल्याचे आढळले.

आपल्या कुटुंबाने सकाळी अकरा वाजता भेट दिली होती. त्या वेळी सर्व सेवक हजर असतात व रहिवासी नाहून-माखून बसलेले असतात. त्यांनी पुन्हा यावे, आधी न कळविता, सायंकाळी साडेपाचच्या सुमारास. अनेक रुग्णांची बेचैनी याच वेळी वाढते आणि दिवसपाळीचे सेवक घरी जावयास निघालेले असतात. आपल्या आईंसारख्याच कोणी आजी दाराशी येऊन 'मला घरी जायचे आहे' असे म्हणतील. सेवक दार लावून घेतो, की 'आता हेच घर' म्हणून वाद घालतो, की त्यांच्याबरोबर आवारातून एक फेरी मारून 'घरी कोण कोण आहे?' असे विचारीत त्यांना परत आणतो, ते पाहावे. त्यानंतर रात्रपाळीस किती माणसे असतात, हे विचारून मगच कागदावर सही करावी.