ओटीचे पैसे : हिशेब नेमका कुठे चुकतो?

दीक्षितपुऱ्यात राहणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांच्या घरचं कुणी ना कुणी गन कॅरेजमध्ये, खमरियात किंवा व्हेइकल फॅक्टरीत नोकरीला असेल. 1904 मध्ये गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली तेव्हापासून जबलपूरच्या घरखर्चात ओटीचा वाटा आहे. पण पगाराची चिठ्ठी हातात आली की घरचा हिशेब आणि फॅक्टरीचा हिशेब जुळत नाही.

2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 चं कलम 59 सांगायचं की दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांहून जास्त काम झालं, तर वरच्या तासांना दुप्पट दर. यातला ‘किंवा’ नीट वाचा. आठवडा 43 तासांचाच भरला, पण सोमवारी 11 तास काम झालं, तरी सोमवारचे 2 तास दुपटीचे ठरायचे.

आता आयुध निर्माणीची गंमत. तिथला आठवडा वर्षानुवर्षे पावणेपंचेचाळीस तासांचा. त्यापुढे 48 पर्यंतचे सव्वातीन तास ओटीच, पण एकेरी दराने. दुप्पट सुरू होतं ते 48 नंतर. समजा तासाचा दर 200 रुपये आणि सहा दिवस रोज 9 तास, म्हणजे 54 तास काम झालं. सव्वातीन तासांचे 650, पुढच्या 6 तासांचे 2400, मिळून 3050. तुम्ही घरी सव्वानऊ तास सरसकट दुपटीने मोजता, 3700 येतात, आणि 650 रुपये ‘कापले’ असं वाटतं. ते कापलेले नसतात.

खरा वाद असतो तासाच्या दरावर. मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरतातच. बोनस धरत नाहीत. पण घरभाडं? आवडीच्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीतल्या कामगारांनी हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयात नेला आणि जिंकला. मात्र 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. दुप्पट दर त्यांतही आहे आणि ओटीला कामगाराची संमती लागते, पण वेतनाच्या नव्या व्याख्येत घरभाडं बाहेर ठेवलंय. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर तेवढा वरचा भाग वेतनात धरतात.

खासगी वर्कशॉपमध्ये असाल तर रोजची येण्याजाण्याची वेळ स्वतःच्या वहीत टिपून ठेवा. चिठ्ठीवर ओटीचे नुसते रुपये छापले असतील, तर तास आणि दर वेगळे लिहून मागा.