अंडी, वाफ आणि पाच मिनिटांचा धीर

नाशिकजवळच्या अंबडला पाणी किती अंश सेल्सिअसला उकळते? ‘१००’ असे उत्तर तुम्ही पटकन द्याल. पण ते बरोबर नाही. अंबड समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब थोडा कमी असल्याने पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई शिखरावर तर ते ९४-९५ अंशांनाच उकळेल.

मग कळसूबाईवर अंडे शिजणार नाही का? अवश्य शिजेल! अंड्याचा पांढरा भाग ६२ अंशांच्या आसपास गोठू लागतो आणि ८० च्या पुढे चांगला घट्ट होतो. पिवळा बलक ७० अंशांपर्यंत घट्ट होतो. हट्टी असते ती डाळ! तिच्यासाठीच प्रेशर कुकर हवा. त्याचा पूर्वज फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापिन याने १६७९ साली बनवला.

विजेच्या कुकरमध्ये शिटी वाजत नाही. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण पाऊणपट वाढला, की वाफेचे तापमान ११५ अंशांच्या आसपास पोचते. मग कुकरच विजेचा प्रवाह कमी-जास्त करून दाब कायम राखतो. अंडी पाण्यात बुडवावी लागत नाहीत. पेलाभर पाणी घालून ती जाळीवर ठेवली तरी पुरते. थंड कवचावर वाफेचे पाणी होते आणि असे होताना प्रत्येक ग्रॅम वाफ सुमारे ५४० कॅलरी उष्णता अंड्याला देते. या एकदम मिळणाऱ्या उष्णतेने पांढरा भाग झटकन गोठतो, आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतो आणि कवच सहज सुटते.

आता खरी सावधगिरी. वेळ संपताच वाफ सोडण्याची घाई करू नका. अंड्यातला ओलावाही तापलेला असतो. बाहेरचा दाब एकाएकी उतरला, तर त्याची आतल्या आत वाफ होऊन कवच तडकते. शिवाय झडपेतून उसळणारी वाफ हात भाजू शकते, ते वेगळेच! निदान पाच मिनिटे थांबावे, उरलेली वाफ मोठ्या माणसांकडून सोडवून घ्यावी आणि दाब पूर्ण उतरल्यावरच झाकण उघडावे. मग अंडी थंड पाण्यात टाकावीत. तसे न केल्यास ती आतून शिजतच राहतात. पांढऱ्यातील गंधक आणि बलकातील लोह यांचा संयोग होऊन बलकाभोवती हिरवट कडे उमटते. ते अपायकारक नसते. अंडे जास्त शिजल्याची ती खूण आहे.

एक प्रयोग करा. एक अगदी ताजे आणि एक आठवडाभर ठेवलेले अंडे एकत्र शिजवा. कोणते सहज सोलले गेले? बहुधा जुनेच! ते असताना कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि पापुद्र्याची पकड सैल होते.

तुम्हाला काय आढळले, ते वहीत नोंदवा आणि वर्गात शिक्षकांना दाखवा.