बोटीवरचा डॉक्टर, बेटावरचा डॉक्टर

मॉरिशसला गेलेल्या रत्नागिरी-साताऱ्याकडच्या मंडळींची हकिकत आज सुरू करायची ठरली होती. ती पुढे ढकलतो, कारण मागच्या लेखांकावर सिद्धेश्वरच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न बाजूला सारून पुढे जाणं बरं नव्हे. ते विचारतात : पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, जमिनी गेल्या, तेव्हा दारात उभे राहिले ते तलाठी आणि भूसंपादनवाले. आजही माणसं हलवायची म्हटलं की महसूल खातं आणि त्याच्या मागे पोलीस. मग इंग्रजांनी शेकडो माणसं गलबतात भरून समुद्रापार नेली, तेव्हा त्यांचा म्होरक्या कलेक्टर किंवा कर्नल न नेमता डॉक्टरच का नेमला? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचं उत्तर शोधत गेलं की त्या काळच्या राज्यकारभाराची एक खोच हाती लागते.

बोटीवर रोगराई होती, म्हणून डॉक्टर नेमला, हे उत्तर कुणीही देईल. ते अर्धंच खरं आहे. रोगराईसाठी डॉक्टर सोबत दिला की पुरतं, त्याच्या हाती कारभार कशाला द्यायचा? याचं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर सापडतं. 1814 साली सिडनीला आलेल्या तीन कैदी-जहाजांवर माणसं भयंकर मेली. त्यांपैकी ‘जनरल हेविट’ या एकाच जहाजावर 300 कैद्यांतले 34 वाटेतच गेले. चौकशी केली विल्यम रेडफर्न या सर्जनने. हा गृहस्थ स्वतः आरमारातल्या 1797 च्या बंडात सापडून कैदी म्हणून तिथे आलेला, त्यामुळे तळमजल्यावरची हवा कशी असते हे त्याला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. त्याच्या अहवालातल्या बऱ्याच शिफारशी स्वच्छतेच्याच आहेत : डेक धुवा, धुरी द्या, अंथरुणं उन्हात टाका, माणसांना वर मोकळ्या हवेत येऊ द्या. पण कळीची शिफारस वेगळी होती. डॉक्टर कप्तानाच्या हाताखाली नको, त्याला सरकारचा स्वतंत्र अधिकार हवा. कारण कप्तान आणि जहाजमालक यांचा नफा माणसं चढवण्यात होता, ती जगवण्यात नव्हता. शिधा वाचला तर तोही त्यांच्याच पदरात. 1815 पासून कैदी-जहाजांवर सर्जन-सुपरिंटेंडंट हा अधिकारी दिसू लागतो, तो या भांडणातून जन्मला.

हीच पद्धत पुढे गिरमिटियांच्या, म्हणजे कराराने नेलेल्या मजुरांच्या, बोटींवर आली आणि तिथे तिला एक व्यापारी टोक फुटलं. सर्जनचा मेहनताना माणशी ठरू लागला, आणि माणूस मोजायचा तो बंदरात जिवंत उतरला तरच. वाटेत गेला, की त्याचे शिलिंग गेले. त्यामुळे या डॉक्टरचा दिवस कसा जाई ते पाहण्यासारखं आहे. सकाळी सगळ्यांना वर काढायचं, चादरी-घोंगड्या झटकून वाळत घालायच्या, टोपास (सफाईवाल्या) लोकांकडून खालचा मजला खरवडून घ्यायचा, भंडाऱ्यांच्या चुलीवर तांदूळ-डाळ नीट शिजली की नाही हे बघायचं, लिंबाचा रस वाटायचा, कोण कुशीवर वळून गप्प पडलाय यावर नजर ठेवायची आणि रात्री सगळं रोजवहीत उतरवायचं. जहाज कुठे न्यायचं ते कप्तान ठरवी. माणसांनी कधी खायचं, कुठे झोपायचं, कधी गाणं-बजावणं करायचं ते डॉक्टर ठरवी. यात दया होती का? एखाद्याच्या ठायी असेलही. पण सरकारने दयेवर भिस्त ठेवली नाही, पैशावर ठेवली. आणि तरीही 1856-57 च्या हंगामात कलकत्त्याहून कॅरिबियनकडे गेलेल्या बोटींवर शंभरी सतरा माणसं मेली. मजूर मुळातच उपाशी, डेपोत पटकी, वाटेत आमांश आणि प्रवास तीन महिन्यांचा. एवढ्यापुढे एकट्या डॉक्टरचं काय चालणार?

या मृत्यूंची चौकशी बंगाल सरकारने ज्याच्याकडे सोपवली त्याचं नाव फ्रेडरिक मोआट. तोही डॉक्टरच, आणि बंगालच्या तुरुंगांचा प्रमुख. आता गंमत पाहा. बंडाने गाजलेल्या त्याच 1857 च्या नोव्हेंबरात सरकारने याच मोआटला ‘प्लूटो’ आगबोटीवर बसवून अंदमान पाहायला धाडलं. बंडवाल्या कैद्यांसाठी जागा हवी होती. बेटांवर इंग्रजांनी पूर्वी वसाहत केली होती, 1789 साली, पण ताप आणि मृत्यू यांनी ती 1796 मध्ये गुंडाळावी लागली. म्हणून सरकारला पहिली धास्ती शत्रूची नव्हती, हवेची होती. मोआटच्या समितीने लेफ्टनंट ब्लेअरने पूर्वी निवडलेलं जुनं बंदरच पुन्हा पसंत केलं आणि त्याला पोर्ट ब्लेअर हे नाव दिलं. मग वसाहत वसवायला निघाला आणखी एक डॉक्टर : जेम्स पॅटिसन वॉकर, आग्र्याच्या तुरुंगाचा अधीक्षक. 4 मार्च 1858 रोजी ‘सेमिरामिस’वर 200 कैदी, दोन देशी डॉक्टर आणि 50 जणांचा पहारा घेऊन तो कलकत्त्याहून निघाला, 10 मार्चला पोहोचला. सर्जन-सुपरिंटेंडंटची सगळी लक्षणं इथे होती. दोन गोष्टी मात्र उलट झाल्या. माणशी शिलिंग नव्हते, आणि फाशी देण्याचा अधिकार होता.

16 जून 1858 पर्यंतचा वॉकरच्या वसाहतीचा हिशेब उपलब्ध आहे. तो वाचताना हात थबकतो. आलेले कैदी 773. इस्पितळात मेले 64. पळाले, सापडले नाहीत आणि बहुधा मेले असे 140. आत्महत्या 1. पळण्याबद्दल फाशी 87. उरले 481. पहिलं जहाज लागून तीन महिने आणि वर काही दिवस झाले होते. आता या आकड्यांची वासलात लावून पाहा. इस्पितळातले मृत्यू फाशीपेक्षा कमी आहेत. डॉक्टर म्हणून वॉकर नादान नव्हता, ताप-आमांशाच्या बेटावर पहिल्या हंगामात 773 पैकी 64 हा आकडा त्या काळाच्या मानाने अघोरी नव्हे. पण ऐंशीहून अधिक माणसं त्याने मे महिन्यात एकाच दिवशी फासावर चढवली. ही माणसं जंगलापलीकडे ब्रह्मदेशाची हद्द आहे अशा समजुतीने पळाली होती आणि आदिवासींचे बाण, भूक यांना कंटाळून परत येत होती. बोटीवर यांतला प्रत्येक जण डॉक्टरच्या पदरचे शिलिंग होता. बेटावर तो वसाहतीच्या शिस्तीवरचा डाग ठरला. विद्या तीच, औषधांची पेटी तीच. ज्या गोष्टीबद्दल वर जाब द्यावा लागतो, तेवढ्याच गोष्टीची काळजी डॉक्टरने घेतली, असं माझं मत आहे. त्याला म्होरक्या करण्यात सरकारचा जो हिशेब होता तोच त्याच्या हातून वठला.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की वॉकर नावाचाच डॉक्टर, खरा तो जेलर. पण हे दोन धंदे तेव्हा वेगळे काढता येत नाहीत. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जनच सहसा तुरुंग पाही. मोआट, वॉकर दोघेही त्याच वाटेचे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : काळ बंडाचा होता, दिल्ली-लखनौला झाडांवर माणसं लटकत होती, तिथे वॉकरलाच का धरावं? याला उत्तर कलकत्त्याच्याच सरकारने दिलं आहे. बंडाचा वणवा पुरता विझलेला नसतानाही तिथल्या कौन्सिलने या फाशा नापसंत केल्या आणि पळण्याबद्दल फाशी देणं थांबवायला सांगितलं. म्हणजे त्या काळच्या मापानेही माप ओलांडलं होतं. गंमत म्हणजे पळालेल्यांपैकी दूधनाथ तिवारी हा शिपाई वर्षभर अंदमानी लोकांत राहून परतला, त्याने येऊ घातलेल्या हल्ल्याची, म्हणजे अबर्डीनच्या लढाईची, खबर दिली, आणि त्याला पुढे माफी मिळाली. तो 1858 च्या मे महिन्यात हाती लागला असता, तर ती खबर द्यायला कुणी उरलं नसतं.

तिसरा आक्षेप विल्यम मॅकग्रेगरच्या उदाहरणाचा. हा स्कॉटिश डॉक्टर फिजीचा मुख्य वैद्यकीय अधिकारी होता, पुढे न्यू गिनी, लागोस, क्वीन्सलंड असे मुलूख त्याने चालवले. 1884 मध्ये ‘सिरिया’ ही गिरमिटियांची बोट फिजीच्या खडकावर फुटली, 50 हून अधिक माणसं बुडाली, तेव्हा त्याने स्वतः मोडक्या बोटीवर चढून माणसं वाचवली. तेव्हा डॉक्टर-शासक दुष्टच असतो असं कुणी म्हणू नये. म्हणावं एवढंच की फिजीत मॅकग्रेगरच्या वहीत रोग आणि मृत्यू हेच रकाने होते. 1875 च्या गोवराने तिथले सुमारे 40,000 मूळ रहिवासी गेले होते. म्हणून 1879 मध्ये गिरमिटियांचं पहिलं जहाज ‘लिओनिडास’ पटकी आणि देवी घेऊन आलं, तेव्हा बेटाच्या कडेला माणसं अडवून ठेवणं हेच पहिलं काम ठरलं. त्यात त्या गिरमिटियांचे हाल झालेच, पण आतल्या लोकांचे प्राण वाचले.

आता आपल्या मुलखाचं. हिंगोलीत तेव्हा हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि निजामाच्या मुलखातले नारखेडचे रंगराव पटवारी, म्हणजे रंगो रत्नाकर पागे, नानासाहेब पेशव्यांशी संधान बांधून आले होते. 1859 मध्ये ते पकडले गेले, फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली आणि त्यांना अंदमानला धाडलं. 1860 मध्ये ते तिथेच वारले. वॉकर तोवर निघून गेला होता, त्याच्या जागी ऑक्टोबर 1859 पासून कॅप्टन हॉटन हा लष्करी अधिकारी होता. म्हणजे निजामाच्या मुलखातल्या या माणसाच्या नशिबी शेवटी डॉक्टर आला नाही, कर्नल नाही तर कप्तान आला. एवढ्याने रंगरावांचं नशीब बदललं नाही, आणि बदललं असतं असं मी सुचवतही नाही.

कौलासच्या राजाशी रंगरावांचा पत्रव्यवहार होता, ते प्रकरण स्वतंत्र लेखाचं आहे. नारखेड-कौलासकडच्या कुणा वाचकाच्या घरी त्या वेळचे मोडी कागद असतील, तर त्यांची छायाचित्रं जरूर पाठवावीत. मॉरिशसची मराठी कुटुंबं पुढच्या आठवड्यात.