विमानतळावर नवे मार्ग कसे येतात?

बाजार समितीचे आवार बांधून झाले, ओटे तयार झाले, काटाही बसला. परंतु व्यापारीच आले नाहीत, तर शेतकऱ्याचा माल विकला जात नाही. विमानतळाचेही तसेच आहे. केवळ धावपट्टी बांधल्याने विमाने येत नाहीत. ती यावीत व येत राहावीत यासाठी विमानतळाच्या व्यवस्थापनास सतत खटपट करावी लागते.

नवा मार्ग सुरू करण्यापूर्वी विमान कंपनी मुख्यतः तीन गोष्टी पाहते. जाताना व येताना वर्षभर पुरेसे प्रवासी मिळतील काय? विमान उतरविण्याचे व उभे करण्याचे शुल्क आणि इंधन यांचा खर्च परवडेल काय? विमान ठरल्या वेळी उतरून ठरल्या वेळी सुटेल काय? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांनिशी कंपनीपुढे मांडणे, हे व्यवस्थापनाचे पहिले काम होय. शुल्कात सवलत देणे व सोयी वाढविणे, हे दुसरे.

शिर्डीचे उदाहरण घ्यावे. काकडी गावाच्या हद्दीत महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने २,५०० मीटर लांबीची धावपट्टी बांधली. १ ऑक्टोबर २०१७ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. साईबाबांच्या दर्शनास बारमाही गर्दी असल्याने प्रवाशांची वाण नव्हती. तरीही नोव्हेंबर २०१९ मध्ये दृश्यता कमी झाल्यामुळे तेथील उड्डाणे कित्येक दिवस बंद राहिली. मागणी असूनही सोयी अपुऱ्या पडल्या, तर सेवा खंडित होते, हे यावरून दिसते.

सिंधुदुर्गाचा अनुभव निराळा आहे. चिपी येथील विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. ‘उडान’ योजनेखाली मुंबईची सेवा मिळाली. या योजनेत मार्गावरील तूट भरून काढण्यासाठी कंपनीस तीन वर्षे अर्थसाहाय्य देण्याची तरतूद होती. ती मुदत संपताच ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सेवा थांबली. असे साहाय्य म्हणजे कोवळ्या रोपाला दिलेला काठीचा आधार होय. तेवढ्या अवधीत रोपाने मूळ धरले पाहिजे.

शेतकऱ्यांचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. प्रवासी विमानाच्या पोटातून मालही जातो, आणि त्याचे भाडे मिळाल्यास मार्ग कंपनीस अधिक परवडतो. केंद्र सरकारने २०२० मध्ये ‘कृषी उडान’ योजना सुरू केली, ती याच हेतूने. मात्र विमानभाडे महाग असते. फुले व नाजूक फळे यांसारख्या, लवकर नासणाऱ्या व चांगला भाव मिळणाऱ्या मालासच ते पेलते.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील अशा मालाची नोंद ठेवावी. कोणता माल, कोणत्या महिन्यात, दररोज किती आणि कोणत्या बाजारपेठेसाठी, हे लिहून शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत विमानतळाच्या व्यवस्थापकाकडे द्यावे. नुसत्या मागणीअर्जापेक्षा असा हिशेब अधिक उपयोगी पडतो. कारण विमान कंपनीपुढे व्यवस्थापकास तोच मांडावा लागतो.