सर्व्हर निवांत, तरी दार बंद

दहावीच्या निकालाची दुपार. घड्याळात एक वाजला की हिंगणघाट, आर्वी, समुद्रपूर, कारंजा अशा वर्धा जिल्ह्यातील गावांतूनच नव्हे, तर राज्यातील नऊही विभागीय मंडळांच्या हद्दीतून मोजक्याच संकेतस्थळांवर लोटालोट सुरू होते. १६ जुलै २०२१ रोजी, करोनामुळे परीक्षाच रद्द झालेल्या वर्षी, १५ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचा निकाल जाहीर झाला आणि निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडलीच नाहीत. अकरावीच्या प्रवेशाची चिंता लागलेल्या घरांत ती दुपार कशी गेली असेल, हे सांगायला नको.

अशा वेळी यंत्रे दुबळी पडली, असा सर्वसाधारण समज होतो. पुष्कळदा तो खराही असतो. परंतु गर्दीचे सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना याहून चमत्कारिक दृश्य परिचित आहे. प्रोसेसर निवांत, मेमरी अर्धी रिकामी, आणि तरीही बाहेरच्याला प्रवेश नाही. तेथे यंत्राची ताकद संपलेली नसते. ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेली परवानगी संपलेली असते.

मोठ्या संकेतस्थळावर मूळ सर्व्हरच्या पुढे बहुधा एक प्रॉक्सी सर्व्हर असतो. त्याचे काम हिंगणघाटच्या कापूस बाजारातील अडत्यासारखे. शेतकरी अडत्याशी बोलतो, व्यापारीही अडत्याशीच बोलतो. म्हणजे सौदा एक, पण संभाषणे दोन. प्रॉक्सीलाही प्रत्येक वाचकामागे एक जोडणी वाचकाशी आणि दुसरी मूळ सर्व्हरशी ठेवावी लागते. युनिक्स परंपरेत प्रत्येक जोडणी ही जणू उघडलेली फाइलच मानली जाते आणि तिला एक क्रमांक मिळतो. त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. लिनक्समध्ये एका प्रोसेसला असे किती क्रमांक मिळावेत, याची नेहमीची प्रारंभिक मर्यादा १०२४ आहे. प्रत्येक वाचकामागे दोन क्रमांक गेले, काही नोंदवह्यांच्या फाइलींना लागले, की एका वेळी जेमतेम ५०० वाचक उरतात. त्यानंतर नोंदवहीत ‘टू मेनी ओपन फाइल्स’ अशी तक्रार उमटू लागते.

५०० हा आकडा वाटतो तितका लहान नाही. प्रत्येक काम एका सेकंदात उरकले, तर सेकंदाला ५०० जणांना निकाल मिळेल. मात्र मागचा डेटाबेस मंदावून तेच काम दहा सेकंद घेऊ लागला, तर त्याच ५०० जागांतून सेकंदाला केवळ ५० जण बाहेर पडतील. त्यामुळे मर्यादा वाढवण्यापूर्वी जोडण्या इतका वेळ अडकून का राहतात, हे पाहणे आवश्यक ठरते. डेटाबेस तसाच ठेवून मर्यादा एक लाख केली, तर दाराबाहेरची रांग आत येते, एवढेच. शिवाय प्रत्येक जोडणी थोडी मेमरी घेते. ती संपली, की कर्नल एखादी प्रोसेस स्वतःच मारून टाकतो, आणि ती प्रॉक्सीचीच असू शकते.

मर्यादा वाढवण्यातही एक जुनी गफलत आहे. तंत्रज्ञ आपल्या लॉगिनमध्ये ‘यूलिमिट’ची आज्ञा देतो, नवा आकडा पाहून समाधान पावतो, प्रॉक्सी मात्र सिस्टिमडीने सुरू केलेली असते आणि तिला हा बदल कळतच नाही. तिच्या सेवेच्या फाइलीत ‘लिमिटनोफाइल’ स्वतंत्रपणे लिहावे लागते. चालू प्रोसेसला प्रत्यक्षात किती मिळाले, हे ‘प्रॉक’खालील तिच्या ‘लिमिट्स’ फाइलीत पाहावे. तोच आकडा खरा.

दाराशी उभ्या राहणाऱ्या रांगेचीही मर्यादा असते. ‘सोमॅक्सकॉन’ नावाचा हा आकडा लिनक्समध्ये दीर्घकाळ १२८ होता; २०१९ मधील ५.४ आवृत्तीपासून तो ४०९६ झाला. प्रॉक्सी प्रोग्रॅमने स्वतः लहान रांग मागितली असेल, तर तीच लागू होते.

याहून फसवी अडचण पोर्टची. मूळ सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक नव्या जोडणीला प्रॉक्सीच्या बाजूने एक पोर्ट लागतो. लिनक्स त्यासाठी सामान्यतः ३२७६८ ते ६०९९९ हा पट्टा वापरते, म्हणजे २८,२३२ पोर्ट. जोडणी जो आधी बंद करतो, त्याच्याकडे ती ‘टाइम वेट’ अवस्थेत ६० सेकंद पडून राहते. भागाकार केला तर एकाच मूळ सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे सेकंदाला सुमारे ४७० नव्या जोडण्या एवढीच मजल जाते. पट्टा रुंदावता येतो. पण दर वेळी नवी जोडणी न करता जुनीच उघडी ठेवून पुन्हा वापरणे, हा अधिक शहाणपणाचा उपाय.

या साठ सेकंदांना कंटाळून अनेकांनी एके काळी ‘टीसीपी टीडब्ल्यू रिसायकल’ ही कळ दाबली. प्रयोगशाळेत सारे सुरळीत चाले. प्रत्यक्षात मात्र एकाच आयपी पत्त्यामागे अनेक संगणक असले, की त्यांच्या वेळेच्या शिक्क्यांचा मेळ बसत नसे आणि काहींच्या जोडण्या निमूटपणे नाकारल्या जात. तालुक्याच्या गावातील इंटरनेट कॅफेत शेजारच्या संगणकावर पान उघडावे आणि आपल्या संगणकावर ते फिरतच राहावे, असा तो प्रकार. सर्व्हरच्या नोंदवहीत त्याची दखलही नसे. २०१७ मध्ये ४.१२ आवृत्तीतून ती कळच काढून टाकण्यात आली. जुन्या लेखांतून उतरवून घेतलेल्या आज्ञांत ती अजूनही आढळते.